जगाच्या शेवटाच्या वर्षीचा राब

जगाचा शेवट आमच्या भागाला नवा नाही. तो किन्हवलीवरून इतक्या वेळा येऊन गेला आहे, की एसटीचा कंडक्टर आता त्याला तिकीटही विचारत नाही. एकदा तो शेपटीच्या ताऱ्यातून येणार होता, एकदा मोबाइलच्या टॉवरमधून. टॉवरच्या खेपेला आमच्या शेजारच्या आबानं, आता कशाला शिल्लक ठेवायचं, म्हणून घरचा बोकड कापून सगळ्या आळीला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी सूर्य रोजच्या जागी उगवला, तेव्हा आबानं त्याला जी शिवी हासडली ती ऐकून कसाऱ्याच्या घाटातली माकडं महिनाभर खाली उतरली नाहीत, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

पण एका वर्षी तो आमच्या घरातच मुक्कामाला आला. त्या वर्षाची गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे. मला वाढवून सांगायची खोड आहे, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तरी या गोष्टीत दोन ठिकाणी मी एक अक्षरही वाढवणार नाही. ती ठिकाणं आली की तुम्हाला आपोआप कळतील.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शेती सांभाळून मुरबाड ते कल्याण जीप चालवायचा. एकदा कुणा उतारूचं बायबल मागच्या सीटवर राहिलं. परत न्यायला येईल म्हणून दादानं ते पुढं काचेपाशी ठेवून दिलं. माणूस काही आला नाही. आता, मुरबाडला रेल्वे नाही आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. शेवटची एक सीट भरेपर्यंत एवढा वेळ जातो, की पहिल्या सीटवर बसलेल्या माणसाला नातवंडं होतात. तेवढ्या वेळात दादा वाचायला लागला. देवानं उजेड केला तेव्हा जीपमध्ये फक्त एक म्हातारी होती. समुद्र दुभंगला तेव्हा मधली सीट भरली. संदेष्टे ओरडायला लागले तेव्हा मागचे उतारू पण ओरडायला लागले, की ड्रायव्हर, आता तरी सोड रे गाडी!

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच्या आदल्या भाद्रपदात दादाची मुलगी गेली होती. अंथरुणात मण्यार चावली. शहापूरला नेईपर्यंत राहिली नाही. शाळेत जाणारी पोर होती. तिच्या मागं घरात दादा आणि वहिनी, दोघंच उरले. हे त्यातलं पहिलं ठिकाण.

मुरबाडात एका पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत रविवारी उपासना व्हायची. दादा तिथं जायला लागला. त्याला समजावून परत आणायला मी गेलो आणि मीही तिथंच बसलो. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, चहा चांगला असायचा. खरं कारण असं, की तिथले पास्टर पहिल्याच दिवशी दादाला म्हणाले, "तुमची मुलगी गेली हे फार वाईट झालं." बस, एवढंच. बाकी सगळ्या जगानं आम्हाला तिचं नशीब, आमचं पूर्वजन्माचं काहीतरी, घराची दिशा, असलं ऐकवलं होतं. पुढं आम्ही दोघांनी काळू नदीत बाप्तिस्मा घेतला. पाणी इतकं गार होतं, की माझी निम्मी पापं धुवून निघायच्या आधीच गारठून मेली.

वहिनी आली नाही. तिचा देव्हारा होता तिथंच राहिला. पण रविवारी दादाचा शर्ट ती स्वतः इस्त्री करून द्यायची. "देवाकडं चाललात ना? मग माणसासारखे जा," म्हणायची.

एका हिवाळ्यात गिरणीमागच्या खोलीत एक पाहुणे प्रचारक आले. त्यांनी खिळ्याला कापडाचा तक्ता टांगला. त्यावर एका राजाच्या स्वप्नातला पुतळा होता. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, खाली पितळ, पाय लोखंडाचे, पावलं लोखंड नि माती मिसळलेली. वरून एक दगड येतो, पावलांवर आदळतो, पुतळ्याचा भुगा होतो, आणि तो दगड वाढून सगळी पृथ्वी भरून टाकणारा डोंगर होतो. तो दगड म्हणजे देवाचं राज्य. "आणि आपण आता कुठं आहोत?" प्रचारकांनी छडी खाली खाली नेत विचारलं. "बोटांत! पायाच्या बोटांत!" सगळ्यांनी पाय आत घेतले. मीही घेतले.

पुढं त्यांनी तो उतारा घेतला, की दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल. पलीकडं गिरणीचा पट्टा फटफटत होता, दळणाला आलेल्या बायका दारातून ऐकत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "तुला नेली तर तुझा डबा मी घरी न्याचा का इथंच ठेवाचा?" दुसरी म्हणाली, "मना कशाला नेतंय गो, माजं अजून दळण बाकी हाय."

सगळी खोली हसली. दादा हसला नाही. तो पुतळ्याच्या पावलांकडं बघत होता.

त्यानंतर त्याला जिकडं तिकडं खुणा दिसायला लागल्या. दूरची युद्धं त्याच्या फोनमध्ये होती, भूकंप होते, आजार होते. पण सगळ्यात मोठी खूण शहापूरच्या अंगाला होती. तिकडं नवा महामार्ग झाला तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत टेकड्या कापल्या, दऱ्यांत खांब उभे केले आणि वाकडंतिकडं होतं ते आरशासारखं सरळ केलं. दादा मला मुद्दाम तिथं घेऊन गेला. "डोंगर सखल होतील, खोरी भरली जातील, प्रभूची वाट सरळ होईल. वाचलंस ना? मग हे काय हाय?"

"हा रोड हाय, दादा."

"कुणासाठी?"

"नाशिककडं जाणाऱ्या गाड्यांसाठी."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की पुतळ्याच्या बोटांतली माती ती मीच.

मग फाल्गुनात तो घरी म्हणाला, "यंदा राब घालाचा नाय."

ज्यांचा भात दुकानातून येतो त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं भाताची रोपं करायची तर आधी जमीन भाजावी लागते. उन्हाळ्यात झाडांचे टहाळे तोडून आणायचे, वाळवायचे, शेण पसरायचं, त्यावर टहाळे, पालापाचोळा, गवत आणि वरून बारीक मातीचा थर. हा राब. पाऊस यायच्या आधी तो पेटवायचा, म्हणजे तण आणि तणाचं बी जळतं, राख मुरते आणि त्या जागेवर रोपं जोमानं येतात. राब नाही तर रोपं नाहीत, रोपं नाहीत तर लावणी नाही आणि लावणी नाही तर वर्षभर घरचा भात नाही. शिवाय राब घालायचा तो पावसाच्या किती आधी! अंगाची लाही होत असताना माणूस डोक्यावर टहाळ्यांचा भारा वाहतो, तो आषाढात आपण इथंच असणार या भरवशावर. दादाला नेमका तोच भरवसा नको होता. पावसाआधी प्रभू येणार, असं त्याचं ठरलं होतं. मग राब घालणं म्हणजे देवाच्या तोंडावर अविश्वास दाखवणं.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "तुमचा देव येनार?"

"येनार."

"पावसाच्या आधी?"

"व्हय."

"मंग त्याला जेवाला काय घालाचं? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी ठेवाचं का?"

दादा म्हणाला, "तिथं भूक नसते गो." वहिनीनं भाकरी तव्यावर अशी टाकली, की तवा तेव्हापासून एका बाजूला कलतो.

गावात बातमी पसरायला किती वेळ! आबा रोज सकाळी आमच्या बांधावर येऊन आभाळाकडं बघायचा. "काय रे, निघाला का तुजा देव? का त्याची पण जीप भरली नाय अजून?" सगळ्यांच्या वावरात राबांचे तुकडे गोधड्या वाळत घातल्यासारखे दिसायला लागले. मधे दादाचा तुकडा बोडका.

मी दादाला मुरबाडला पास्टरांकडं घेऊन गेलो. मनात म्हटलं, हे दोन वाक्यांत त्याला जाग्यावर आणतील आणि आम्ही दुपारच्या जेवणाला घरी येऊ. पास्टर म्हणजे शांत माणूस. एवढे शांत, की त्यांच्या दोन वाक्यांच्या मधे माणूस उसाचा रस पिऊन येतो.

ते म्हणाले, "शिष्यांनी पण हेच विचारलं होतं. कधी? त्यावर प्रभू म्हणाला, तो दिवस आणि ती घटका कुणाला ठाऊक नाही. दूतांना नाही, पुत्रालाही नाही. मग दादा, तुम्हाला आणि त्या पाहुण्यांना कसं ठाऊक?"

"खुना दिल्या हायत ना पन."

"दिल्यात. जागं राहायला दिल्यात. हिशेब मांडायला नाही."

मी मधे पडलो. मला तोवर वाटायचं, की संदेष्टे म्हणजे चौकशीची खिडकी आणि भविष्यवाणी म्हणजे डेपोतला वेळापत्रकाचा फळा. गाडी कुठली, किती वाजता, कुठल्या फलाटावर. मी तसं बोललोही. पास्टर हसले. म्हणाले, तुम्ही संदेष्टे नीट वाचा, ते पुढच्या काळाबद्दल बोलतात त्याच्या दसपट आजच्याबद्दल ओरडतात. माप खोटं का मारता, विधवेची जमीन का खाता, उपाशी माणसाला दारातून का हाकलता. पुढचं सांगतात तेही यासाठीच, की आज नीट वागा, आणि आज मोडून पडला असाल तर धीर धरा. पुतळ्याचं स्वप्नही कुणाला सांगितलं? ज्यांचं गाव, देऊळ, राज्य सगळं गेलं होतं, परक्याच्या दारात जे राबत होते, त्यांना. तारीख कळावी म्हणून नाही. हा सोन्याच्या डोक्याचा दिसतोय ना, तोही कायमचा नाही, हे कळावं म्हणून.

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जलप्रलयाच्या आधी लोक असंच बोलत होते. खात होते, पीत होते, लग्न करत होते."

"आणि ज्यानं देवाचं ऐकलं तो काय करत होता?"

दादानं बायबलाची पानं चाळली.

"सुतारकाम," पास्टर म्हणाले. "रोज. प्रलयातून तरायचं तारू बांधत होता. धनी परत येतो तेव्हा चाकर कामात सापडावा, ही पण गोष्ट प्रभूनंच सांगितली, दादा. आणि राज्य कशासारखं आहे, हे सांगताना त्यानं तलवार घेतली नाही, बी घेतलं. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं ते त्यालाही कळत नाही."

मला वाटलं, जिंकलो. मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते सगळं बरोबर हाय, पास्टर. माजी पोर कधी उठल, एवढं सांगा."

गिरणी नेमकी तेव्हाच बंद झाली होती. पास्टरांनी हातातलं बायबल मिटलं. "ते मला माहीत नाही," म्हणाले. "उठेल. कधी ते माहीत नाही."

परतीच्या जीपमध्ये मी एक शब्द बोललो नाही. ज्यांना हे माहीत नसेल त्यांना सांगतो, मी गप्प बसलो की लोक जीप थांबवून माझी नाडी बघतात. तोवर मी समजत होतो, की दादा जगाच्या शेवटाची वाट बघतोय. त्याला जगाशी काही देणंघेणं नव्हतं. पुतळा, बायबलातली शिंगं फुटलेली जनावरं, महामार्ग, भूकंप, या सगळ्या गर्दीतून तो फक्त एका पोरीला शोधत होता. यात्रेत हात सुटलेलं मूल शोधावं, तसा. आणि राब घालणं म्हणजे ती आणखी एक पावसाळा येणार नाही, हे आपल्या हातानं कबूल करणं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं एकटीनं राब घालायला घेतला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "भावजी, तुमी टहाळे कमी आनता नि त्यांच्या गोष्टी जास्ती सांगता. तुमी तुमचा राब बघा." दादा ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचा आणि ती त्याच्यासमोरून भारे न्यायची. तो अडवत नव्हता, उठतही नव्हता. तिनं शेण पसरलं, टहाळे रचले, पाचोळा पसरला, माती लोटली. आबासुद्धा बांधावर यायचा बंद झाला, कारण थट्टा करायला समोर तीच दिसायची आणि तिच्या हातात कोयता असायचा.

राब भाजायचा तो अंदाजानं. वारा बघायचा. वारा जिकडं चालला असेल त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे विस्तवाला वाऱ्याच्या उलट, रांगत रांगत यावं लागतं. तो दमानं जळतो, जमीन खोलवर तापते. वाऱ्याच्या बाजूनं पेटवलं तर जाळ वरच्यावर पळत सुटतो, पाचोळा खातो आणि खालचं तण हसत बसतं. आमच्याकडं हे रांगत्या पोराला ठाऊक असतं. वहिनी तर या घरात आल्यापासून दरवर्षी राब भाजत होती.

आता दुसरं ठिकाण.

राब भाजायच्या दिवशी सकाळी वारा पश्चिमेकडून होता. मी माझ्या बांधावर होतो, दादा ओट्यावर. वहिनी वाळल्या गवताचा पेटता चुडा घेऊन गेली आणि थेट पश्चिमेच्या टोकाला उभी राहिली. मला वाटलं, वारा बघत असेल. तिनं ओट्याकडं एकदा मान वळवली आणि चुडा टेकवला.

भप्पकन जाळ उठला आणि पळत सुटला.

"अगोऽऽ!" दादा ओरडला. "अगो, वारा! वारा कुठला हाय! वाऱ्याच्या बाजूनं पेटीवलंस तू!" पुस्तक ओट्यावर, चपला अंगणात आणि दादा वावरात. हिरवा टहाळा घेऊन त्यानं जाळाच्या तोंडावर झोडपायला सुरुवात केली. "भावजी, पानी आना!" वहिनी ओरडली. मी कळशी घेऊन धावलो. दादानं पुढचा जाळ दाबला, मग तिच्या हातातला चुडा हिसकावून दुसऱ्या टोकाला पळाला, तिकडून पेटवलं आणि काठीनं विस्तव सारखा करत, माती लोटत, खोकत, शिव्या घालत सगळ्या राबाभोवती फिरला. "एवढी वर्सं झाली, वारा कळत नाय तुला? सगळं तन वर येल! भात होयाचा का लव्हाळा?"

वहिनी पदरानं तोंड पुसत उभी होती.

राब आता नीट जळत होता. धूर जमिनीलगत सरकत होता. दादाचं तोंड काळं, भुवया जळालेल्या. आपण काय केलं हे त्याच्या बहुधा तेव्हा ध्यानात आलं, कारण तो एकदम बांधावर बसला आणि त्यानं काठी बाजूला ठेवली.

वहिनी त्याच्याजवळ बसली. मी थोडा लांब होतो, पण वारा माझ्याकडं होता.

"अवो," ती म्हणाली, "ती उठनार म्हनता ना तुमी?"

"व्हय."

"मंग उठल्याव तिला भूक नाय लागनार?"

दादानं जळालेल्या भुवईवरून हात फिरवला.

"आल्याआल्या भात मागायची. दप्तर टाकायच्या आधी. तुमचा देव काय खातो मना ठाऊक नाय. ती आली नि घरात तांदूळ नसला, तर मी काय सांगू तिला?"

दादा रडला. त्या भाद्रपदात रडला नव्हता. मग बऱ्याच वेळानं, धुरानं बसलेल्या आवाजात, तो तिला एक गोष्ट सांगायला लागला. एका बापाची मुलगी वारली होती. घरात रडारड चालली होती. प्रभू आत गेला, मुलीचा हात धरला, म्हणाला, मुली, ऊठ. ती उठली, चालायला लागली. लोकांची तोंडं उघडी ती उघडीच. "आनि मंग," दादा म्हणाला, आणि थांबला. ही गोष्ट त्यानं जीपमध्ये बसून कितीदा वाचली असेल. "आनि मंग तो पयलं काय बोलला ठाऊक हाय? हिला काईतरी खायाला द्या."

वहिनीनं राबाकडं बघत मान हलवली. "मंग," म्हणाली. "शाना हाय तुमचा देव."

मी तेव्हापासून शेवटाचा विचार करतो तो त्या बांधावर बसून. शास्त्रात शेवटी आग आहे, तिच्यात सगळं वितळून जाईल असं आहे, आणि लहानपणी ऐकलेल्या सगळ्या प्रलयांसारखीच मला तिची भीती वाटायची. पण त्याच ओळींच्या पुढं नवं आकाश आणि नवी पृथ्वी आहे, हे आम्ही घाईत वाचत नाही. आणि आमच्याकडं तरी आग पिकाच्या आधी असते. कापणीनंतर आम्ही वावर पेटवून घरी जात नाही. आम्ही पेटवतो ते रोपांसाठी. मी कुणाला हे शास्त्रार्थ म्हणून सांगत नाही. पास्टरांना सांगितलं तर ते दोन उसाचे रस एवढा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बघूया." वहिनीनं पश्चिमेकडून चुडा का लावला, हे मी तिला एकदाच विचारलं. म्हणाली, "धुरानं काई दिसत नव्हतं, भावजी." चुडा लावायच्या आधी धूर कुठून आला, हे मी विचारलं नाही. मलाही जीव प्यारा आहे.

त्या वर्षी दादाचा भात झाला. सगळ्यांपेक्षा उंच झाला, एवढा, की लोंब्या काढायला आबानं शिडी आणली. हे मात्र वाढवून आहे.

दादा अजून वाट बघतो. त्यानं ती सोडलेली नाही आणि आम्ही कुणी सोडायला सांगत नाही. महामार्गावरून गेलो की तो अजूनही कापलेल्या टेकडीकडं एक नजर टाकतो. फक्त आता तारीख सांगत नाही. यंदाही फाल्गुन लागला तसा तो टहाळे तोडायला सगळ्या गावाच्या आधी गेला. राब रचत आणला तेव्हा वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. नेहमीच्या जागेच्या पुढं त्यानं आणखी एक वाफा धरला होता.

"अवो, एवढा कशाला?" ती म्हणाली. "दोन मानसांचं घर. एवढी रोपं लावनार कोन, नि खानार कोन?"

दादानं वरची माती हातानं सारखी केली. "असूदे गो," म्हणाला. "येतील."